रेशीम शेडाचा कंट्रोलर : निवड कशी चुकली, कशी सुधारली

१९ जानेवारी २०२५, रविवार

मी छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला पॅनल वायरिंगचं काम करतो. गाव बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यात. दादा आणि वहिनी एक एकर तुतीवर रेशीम करतात. शेड ५० फूट बाय २२ फूट, वर पत्रा, पत्र्यावर उसाचं पाचट, बाजूंना शेडनेट आणि पडदे. आत दोन मोठे कूलर, एक एक्झॉस्ट पंखा आणि पाच मजली रॅक.

गेल्या उन्हाळ्याची बॅच निम्मीही निघाली नाही. दादा दुपारी बारदान ओलं करून पडद्यांवर टाकायचा, रात्री दोनदा उठून कूलर बंद करायचा. एका रात्री डोळा लागला आणि सकाळपर्यंत शेडात दमट गारठा झाला. तेव्हापासून तो म्हणतोय, “तू एवढ्या कंपन्यांचे पॅनल बनवतोस, आपल्या शेडाला एक बनव.”

किड्यांना काय लागतं ते आधी लिहून ठेवतो, पुढची सगळी झटापट याच आकड्यांशी आहे. चॉकी सेंटरमधून, म्हणजे लहान किडे वाढवून देणाऱ्या केंद्रातून, किडे दुसरी कात टाकून येतात. तिसऱ्या अवस्थेत साधारण २६ अंश आणि ८० टक्के आर्द्रता लागते. चौथीत २५ अंश आणि ७० ते ७५ टक्के, पाचवीत २४ अंश आणि ६५ ते ७० टक्के. म्हणजे किडा मोठा होईल तसं त्याला जास्त गार आणि जास्त कोरडं पाहिजे. कूलर गार करतो तसा ओलही वाढवतो. एकच यंत्र एक आकडा सुधारतं तेव्हा दुसरा बिघडवतं. अवघड जागा हीच आहे, आणि मला ती पुढचे दोन महिने नीट दिसली नाही.

२६ जानेवारी

सुट्टी असल्याने बसून निवडीचा तक्ता केला. पर्याय तीन. पहिला, बाजारात मिळणारा तयार तापमान-आर्द्रता कंट्रोलर. दुसरा, ईएसपी३२ या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डावर स्वतः लिहिलेलं साधं चालू-बंद लॉजिक. तिसरा, त्याच बोर्डावर पीआयडी, म्हणजे ठरवलेल्या आकड्यापासूनची आत्ताची चूक, साठलेली चूक आणि चूक बदलण्याचा वेग या तिन्हींवरून यंत्र किती चालवायचं ते ठरवणारं गणित. निकष पाच आणि प्रत्येकाला वजन : अचूकपणा ४०, खर्च २०, उभारायला लागणारा वेळ १५, दुरुस्ती १५, वीजबिल १०. गुणाकार-बेरीज केली. पीआयडी ७८, चालू-बंद ७१, तयार कंट्रोलर ६४.

आकडे समोर आले की निर्णय झाल्यासारखं वाटतं. दादाला तक्ता दाखवला. त्याने तो पूर्ण वाचला आणि एवढंच विचारलं, “बिघडल्यावर ते काय करंल?” मी म्हणालो, बिघडणार नाही असं बनवतो. त्याच्या प्रश्नाला तक्त्यात रकानाच नव्हता आणि मी तो घातलाही नाही. पुढे याची किंमत मोजली.

२ फेब्रुवारी

आज बॅच आली, २०० अंडीपुंजांची (एक पुंज म्हणजे एका मादीने घातलेली अंडी). या बॅचला काहीही चालवायचं नाही, फक्त मोजायचं. तापमान आणि आर्द्रता मोजणारे डीएचटी२२ सेन्सर तीन लावले : वरच्या रॅकला, मधल्या रॅकला आणि खालच्या. दर मिनिटाला नोंद मेमरी कार्डावर.

पहिलाच धक्का. दुपारी अडीच वाजता वरच्या आणि खालच्या रॅकमध्ये ४ अंशांचा फरक. म्हणजे “शेडाचं तापमान” असा एक आकडाच नाही. मी एकच सेन्सर मध्यावर लावून मोकळा होणार होतो. हे काम करणाऱ्याने आधी किमान आठवडाभर नुसतं मोजावं. या कामात माझा सगळ्यात चांगला गेलेला वेळ हाच.

१६ फेब्रुवारी

किडे पाचव्या अवस्थेत. दुपारी दादाच्या परवानगीने एक चाचणी घेतली : दोन्ही कूलर एकदम चालू, आणि आलेख. पहिली ४ मिनिटं काहीच हललं नाही. मग तापमान उतरायला लागलं आणि सुमारे २० मिनिटांत बहुतेक उतार पूर्ण झाला. एकूण घट ६ अंश. त्याच वेळात आर्द्रता ३४ टक्क्यांवरून ६३ वर गेली.

आर्द्रतेचा आलेख मी वहीत चिकटवला आणि त्यावर काही लिहिलं नाही. तापमानाच्या आलेखावरून झीग्लर-निकोल्सच्या १९४२ च्या पद्धतीने पीआयडीचे तिन्ही आकडे काढले. त्यात संध्याकाळ गेली आणि मला ती फार आवडली. आज वाटतं, जे काम करायला आवडतं त्याच्या बाजूने मन आपोआप झुकतं, म्हणून त्याच दिवशी त्यावर निर्णय घेऊ नये.

२३ फेब्रुवारी

कोष काढून शेड मोकळं झालंय. पॅनल बसवलं. कूलरची मोटर सिंगल फेज, कपॅसिटरवाली. तिला व्हीएफडी लावून वेग कमी-जास्त करता येत नाही, मोटर तापते. म्हणून दहा मिनिटांची खिडकी धरली : पीआयडी ४० टक्के म्हणालं तर कूलर ४ मिनिटं चालू, ६ मिनिटं बंद.

खर्च : ईएसपी३२ ४८० रुपये, डीएचटी२२ तीन नग ७२०, रिले बोर्ड १८०, कॉन्टॅक्टर (मोटर जोडणारे-तोडणारे विजेचे खटके) दोन १४४०, पॉवर सप्लाय ३८०, पेटी, ग्लँड, वायर मिळून १६५०. एकूण ४८५० रुपये.

रिकाम्या शेडात तापमान ठरवलेल्या आकड्याच्या अर्ध्या-पाऊण अंशात राहिलं. फोनवर आलेख कंपनीतल्या मित्रांना पाठवला. चाचणी रिकाम्या शेडात, फेब्रुवारीत आणि वीज सुरळीत असताना झाली, हे तेव्हा कुणीच बोललं नाही, मीही नाही.

९ मार्च

नवी बॅच, पुन्हा २०० अंडीपुंज. 

१६ मार्च

पहिला त्रास विजेचा. संध्याकाळी गावात व्होल्टेज १७० पर्यंत पडतं. कॉन्टॅक्टर थरथरतो, त्याच्या कॉइलच्या झटक्याने बोर्ड रीसेट होतो. आठवड्यात चार वेळा झालं. रीसेट झाला की पीआयडीची आतली बेरीज शून्य होते आणि तो पुन्हा पहिल्यापासून शिकायला बसतो.

दुसरा त्रास वहिनीने सांगितला. “भाऊजी, कूलर सारखा चालू-बंद होतोय, पाला घालताना कधी वारं येईल कळत नाही. वारं आलं की पाला सुकतो.” मी खिडकी दहावरून पंधरा मिनिटांची केली. मूळ प्रश्न तसाच राहिला.

१९ मार्च, बुधवार

काल रात्री पावणेअकराला दादाचा फोन. मी वाळूजला. शेडात १९ अंश, आर्द्रता ८८ टक्के, दोन्ही कूलर जोरात चालू, आणि किडे चौथ्या कातीवर बसलेले. कातीच्या वेळी पाला बंद असतो, चुना पसरलेला असतो, हवा कोरडी आणि खेळती लागते. आमच्याकडे नेमकं उलटं. दादाने मेन स्विच पाडला आणि पडदे उघडले.

आज सुट्टी टाकून आलो, नोंदी उतरवल्या. कारण सरळ आहे. दुपारी बाहेर ३८ अंश. मी चौथ्या अवस्थेचं गणित धरून २५ वर सेट केलं होतं. कूलर पूर्ण चालूनही शेड २९ च्या खाली जात नव्हतं. चार तास चूक शिल्लक राहिली आणि पीआयडीमधला बेरजेचा भाग ती चूक साठवत गेला. सूर्य मावळला, बाहेर गार झालं, शेड २५ च्या खाली गेलं, तरी साठवलेली बेरीज उतरायला दोन तास लागले. तोवर कूलर चालूच. कंट्रोलच्या भाषेत याला इंटिग्रल वाइंडअप म्हणतात. कंपनीच्या पीएलसीत, म्हणजे कारखान्यातल्या कंट्रोलरमध्ये, त्याला आवर घालणारा ब्लॉक तयार मिळतो. घरच्या कोडमध्ये मी तो लिहिलाच नव्हता.

आवर घातला. चार ओळींचं काम, चाळीस मिनिटं लागली. पण किड्यांची कात मागेपुढे झालीय. काही उठलेत, काही अजून झोपलेत. पाला घालावा तर झोपलेले पाल्याखाली दबतात, न घालावा तर उठलेले उपाशी राहतात. वहिनी दिवसभर रॅक-रॅक बघून वेगळं करत होती. माझ्या चार ओळी राहिल्या आणि तिची पाठ मोडली. दादा काही बोलला नाही, त्याचं जास्त लागलं.

३० मार्च, गुढीपाडवा

किडे चंद्रिकांवर, म्हणजे कोष विणायच्या जाळ्यांवर, चढलेत, कोष विणतायत. गुढी उभारून, जेवण करून आम्ही तिघं शेडाच्या पडवीत बसलो. मी २६ जानेवारीचं पान उघडलं. त्यात खाडाखोड दिसते : अचूकपणाला आधी मी २५ गुण दिले होते. २५ धरून चालू-बंद पुढे येत होतं. मग मी २५ चे ४० केले. उत्तर आधी ठरवून वजनं मागून बसवली होती. तक्ता करणाऱ्या प्रत्येकाने हे जपावं : वजनं आधी लिहायची, दुसऱ्या कुणाकडे द्यायची, आणि बेरीज झाल्यावर त्यांना हात लावायचा नाही.

आज दुसऱ्या रीतीने गेलो. गुण नाहीत, वजनं नाहीत. एकच माप : १०० अंडीपुंजांमागे किती किलो कोष बुडतील. आणि आकडे मी नाही, दादा-वहिनीने सांगायचे. परिस्थिती चार धरल्या : साधी हवा, कडक ऊन, दमट पावसाळी हवा, आणि बिघाड, म्हणजे सेन्सर खोटं बोलला किंवा विजेने घोळ केला आणि रात्री कुणाला जाग आली नाही.

तयार कंट्रोलर : साध्या हवेत ४ किलो, उन्हात १५, दमट हवेत २०, बिघाडात ३०. पीआयडी, आता आवर घातलेला : २, ६, १२ आणि ४०. साधं चालू-बंद, पण बिघाड ओळखून सुरक्षित स्थितीत जाणारं : ५, १०, १२ आणि १२. या आकड्यांवर तिघांची दोन तास हुज्जत झाली. बिघाडात पीआयडीला मी २५ म्हणत होतो. वहिनी ४० वर अडून बसली, तिने ती रात्र पाहिली होती. ४० ठेवले.

मग दादाची वही. तीन वर्षांत १४ बॅच. त्यातल्या ७ साध्या, ३ उन्हाच्या, ३ दमट, १ बिघाडाची. त्या प्रमाणात सरासरी नुकसान काढलं : तयार कंट्रोलर ११.६ किलो, पीआयडी ७.७, चालू-बंद ८.१. म्हणजे सरासरी बघितली तर पीआयडी अजूनही थोडं पुढे! मला बरं वाटलं, लपवत नाही.

पण १४ मध्ये १ बिघाड हा आकडा हाताने कूलर चालवण्याच्या काळातला. माझ्या पॅनलने पाच आठवड्यांत ११ वेळा रीसेट मारलाय. म्हणून एक साधी बॅच कमी करून बिघाडाच्या २ धरल्या. लगेच पीआयडी १०.४ आणि चालू-बंद ८.६. एका आकड्याने उत्तर उलटलं, आणि नेमका तोच आकडा आमच्याकडे सगळ्यात कच्चा. असं झालं की सरासरीवर भरवसा ठेवू नये असं माझं मत झालंय.

शेवटी पश्चात्तापाचा हिशेब केला. संख्याशास्त्रज्ञ लिओनार्ड सॅव्हेज यांनी १९५१ मध्ये मांडलेली ही रीत : प्रत्येक परिस्थितीत जो पर्याय उत्तम ठरला असता त्याच्यापेक्षा आपला किती मागे पडला ते बघायचं, आणि त्यातला सगळ्यात मोठा आकडा ज्याचा लहान तो घ्यायचा. तयार कंट्रोलरचा मोठ्यात मोठा पश्चात्ताप १८ किलो, बिघाडात. पीआयडीचा २८, तोही बिघाडात. चालू-बंदचा ४, कडक उन्हात. दादाला ही भाषा पटकन समजली. तो म्हणाला, “शंभर बॅच असत्या तर सरासरी बघितली असती. आपल्या वर्षाला पाच. एक गेली की पोरांची फी गेली.”

मी विचारलं, मग पीआयडीलाच बिघाड ओळखणारा भाग जोडला तर? जोडता येतो. पण बिघाड झाल्यावर ते ज्यावर येऊन थांबेल ते चालू-बंदच असणार. म्हणजे चालू-बंद आधी पक्कं लिहावंच लागणार. आणि मी वाळूजला असताना दादाला स्क्रूड्रायव्हरने दुरुस्त करता येईल असं तेच एक आहे. निर्णय झाला. पीआयडी काढायचं.

६ एप्रिल

२ तारखेला कोष काढले. २०० अंडीपुंजांना आम्ही १३० किलो धरले होते, भरले ९७. जालन्याच्या कोष बाजारात किलोला ४९० रुपये मिळाले. ३३ किलोंचे १६,१७० रुपये गेले. सगळं त्या रात्रीचंच असं ठामपणे म्हणता येत नाही, पण मी ते माझ्याच खात्यावर लिहितो.

आज नवं लॉजिक लिहायच्या आधी वहिनीला विचारलं की तुला पॅनलवर काय पाहिजे. हे जानेवारीतच विचारायला हवं होतं. दिवसातला सगळ्यात जास्त वेळ शेडात तीच असते. तिने तीन गोष्टी सांगितल्या. पाला घालताना वारं बंद करायचं बटण, २० मिनिटांसाठी. कातीचं बटण. आणि “आपोआप / हाताने” असा सरळ खटका, म्हणजे वाटलं तर पॅनलला बाजूला ठेवून जुन्या पद्धतीने चालवता येईल. तिन्ही केल्या.

मोठी सुधारणा मात्र कोडमध्ये नाही, वायरिंगमध्ये झाली. कूलरचा पंखा आणि पाण्याचा पंप एकाच वायरवर होते. ते वेगळे केले, पंपाला स्वतंत्र कॉन्टॅक्टर. आता तीन चाली मिळाल्या : नुसतं वारं, ओलं वारं, आणि एक्झॉस्ट. पंप बंद करून पंखा चालू ठेवला की आर्द्रता रोखून हवा खेळती ठेवता येते. पीआयडीची इतकी डोकेफोड केली त्याऐवजी ७२० रुपयांचा कॉन्टॅक्टर आधी आणला असता तर १८ मार्चची रात्र इतकी वाईट गेली नसती.

१३ एप्रिल

सेन्सरचा दिवस. तिन्ही डीएचटी२२ मिठाच्या डब्यात घातले. मीठ भिजेल एवढंच पाणी, चमच्याने लगदा करायचा, हवाबंद डबा, सहा तास सावलीत. खोलीच्या तापमानाला आत ७५ टक्के आर्द्रता यायला हवी. माझ्या तीन सेन्सरनी दाखवली ७९, ८४ आणि ९१.

दोन कारणं सापडली. एक, कातीच्या वेळी पसरलेल्या चुन्याची भुकटी जाळीतून आत गेलीय. दोन, बॅच संपल्यावर दादाने ब्लीचिंग आणि फॉर्मेलिनने शेड निर्जंतुक केलं तेव्हा सेन्सर जागेवरच होते. त्या वाफांनी आर्द्रतेचे सेन्सर बिघडतात. मला हे माहीत होतं, पण दादाला सांगितलं नव्हतं.

नवे एसएचटी३१ तीन आणले, फिल्टरची टोपी असलेले, १५६० रुपये. प्रत्येकाला प्लग-सॉकेट लावलं, म्हणजे निर्जंतुकीकरणाआधी काढून घरात ठेवता येतात. पेटीच्या झाकणावर रंगाने लिहिलं : “फॉर्मेलिन मारायच्या आधी तिन्ही काढा.” मिठाच्या डब्यात यांनी ७४, ७५, ७६ दाखवली.

तिघांची सरासरी घ्यायची नाही, मधला आकडा घ्यायचा. एक सेन्सर वेडा झाला तर सरासरी त्याच्याकडे ओढली जाते, मधला आकडा नाही. आणि वरच्या-खालच्या रॅकचा फरक दुपारी ५ अंशांच्या वर गेला तर फक्त दिवा लागतो, बाकी काही नाही.

२० एप्रिल

विजेचा बंदोबस्त. बोर्डाला वेगळा पॉवर सप्लाय, कॉन्टॅक्टरच्या प्रत्येक कॉइलवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा स्नबर, म्हणजे कॉइलचा झटका शोषून घेणारी जोडी. दोन्ही मिळून ४६० रुपये. वीज गेली आणि आली की ३ मिनिटं काहीच सुरू होत नाही. एकदा चालू झालेली गोष्ट किमान ५ मिनिटं चालू राहते. दिवसभर दादाने मेन स्विच पाडून-उचलून पाहिला, मी वेल्डिंग मशीन लावून व्होल्टेज पाडलं. एकही रीसेट नाही.

बिघाडात काय करायचं तेही ठरलं. दोन सेन्सर गप्प झाले, किंवा तिघांचा एकमेकांशी मेळ बसेना, तर पॅनल आपला निर्णय सोडून देतं. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा : दहा मिनिटं ओलं वारं, दहा मिनिटं नुसतं. रात्री पंप पूर्ण बंद, दर तासाला थोडं एक्झॉस्ट. आणि भोंगा. मोबाईलवर मेसेज पाठवायचा बेत सोडला, शेतात रेंज येते-जाते. भोंगा दादाच्या बाजेपासून पंधरा फुटांवर आहे.

लॉजिकचे आकडे कुठवर घासायचे हाही प्रश्न होता. मला चालू-बंदची २६ ते २८ अंशांची पट्टी अजून अर्ध्या अंशाने कमी करायची होती. दादाने हात धरला, “किडं मरत नाहीत ना? मग बास.” अर्थतज्ज्ञ हर्बर्ट सायमन यांनी यालाच “सॅटिस्फायसिंग” असा शब्द दिला होता : पुरेसं चांगलं सापडलं की शोध थांबवायचा, कारण शोधालाही खर्च येतो. माझ्या खर्चात रविवार धरले तर तोवर बारा झाले होते.

४ मे

बॅच आली. या वेळी मुद्दाम १५०च अंडीपुंज. उन्हाळ्यात दाटी नको.

११ मे

आठवडा शांत. बाहेर ३९ अंश, शेडात दुपारी २८ ते २९. तिसऱ्या कातीला वहिनीने बटण दाबलं, आर्द्रतेची मर्यादा ६५ वर आली, पंप जवळपास बंद राहिला, पंखा चालला. किडे एकाच दिवशी उठले. तिचा फोन आला तेव्हा मी पॅनलच्या ड्रॉइंगवर होतो. तिचा आवाज ऐकूनच कळलं.

१८ मे

मे महिन्यात पाऊस. आठवडाभर संध्याकाळी वारं, ढग, सरी. किडे पाचव्या अवस्थेत, शेडात आज दुपारी ३१ अंश आणि ८० टक्के. आमच्या पाडव्याच्या तक्त्यात ऊन होतं, दमट हवा होती, पण दोन्ही एकदम हा रकाना नव्हता. मराठवाड्यात मे म्हणजे कोरडं असं आम्ही तिघांनीही गृहीत धरलं होतं.

पॅनलने काय केलं : आर्द्रता जास्त म्हणून पंप बंद, तापमान जास्त म्हणून पंखा चालू. म्हणजे बरोबर तेच केलं. पण मधेच आर्द्रता ७९ वर आली की पंप सुरू व्हायचा, तापमान जेमतेम अर्धा अंश उतरायचं आणि आर्द्रता ८६ वर जायची. दोन थर्मामीटर घेतले, एकाच्या बल्बला ओली वात गुंडाळली. कोरडा ३१, ओला २८. कूलर कितीही चांगला असला तरी हवेला ओल्या थर्मामीटरच्या खाली नेऊ शकत नाही. तीन अंशांसाठी सगळं शेड ओलं करण्यात अर्थ नाही.

नियम जोडला : तापमान आणि आर्द्रतेवरून ओल्या थर्मामीटरचा आकडा काढायचा, आणि फरक ४ अंशांपेक्षा कमी असेल तर पंपाला हात लावायचा नाही. मार्चच्या ३८ अंशांत हाच फरक पंधराच्या आसपास असतो, तेव्हा पंप मनसोक्त चालू दे. सहा ओळींचा हा नियम माझ्या मते या सगळ्या कामातली सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. दमट दिवसांत कूलर “जोरात” करणारे आमच्या भागात बरेच आहेत, त्यांनी निदान दोन थर्मामीटर तरी टांगावेत.

यंत्राला जे जमणार नव्हतं ते हाताने केलं. दादाने किडे विरळ करून जास्त रॅकवर पसरले. पाला पावसाचा ओला होता, तो सुकवूनच घातला. एक्झॉस्ट दिवसरात्र चालू. पडदे वाऱ्याच्या दिशेने अर्धे उघडे.

२५ मे

२१ मेच्या रात्री भोंगा वाजला. विजांच्या कडकडाटात एक सेन्सर गेला, दुसऱ्याचा प्लग ढिला होता. पॅनल बिघाडाच्या वेळापत्रकावर गेलं. दादाने उठून प्लग दाबला, खटका आपोआपवर आणला आणि झोपला. मला सकाळी सांगितलं. १८ मार्चच्या रात्री दीड तास फोनवर गेला होता.

१ जून

२७ तारखेला कोष काढले. १५० अंडीपुंजांना ८८ किलो. १०० ला ५८.७ पडले. मागच्या बॅचला ४८.५ होते. चांगल्या हिवाळ्यात दादा ६५ च्या वर जातो, तेव्हा अजून अंतर आहे. दमट आठवड्यात थोडे किडे रोगाने गेले, वहिनी रोज सकाळी वेचून चुन्यात टाकत होती.

एप्रिलपासूनचा खर्च : सेन्सर १५६०, कॉन्टॅक्टर ७२०, स्नबर आणि सप्लाय ४६०, खटके, दिवे आणि भोंगा ९४०, एक जादा ईएसपी३२ ४८०, वायर ७००. मिळून ४८६०. आधीचे धरून ९७१०. त्यातले डीएचटी२२ चे ७२० सरळ वाया. जादा ईएसपी३२ वर तोच प्रोग्रॅम टाकून पेटीत ठेवलाय. बोर्ड गेला तर दादाने काढून तो खोचायचा. एकदा त्याच्याकडून करून घेतलं, सहा मिनिटं लागली.

राहिलेलं : पत्र्यावरचं पाचट कुजलंय, ते बदलायला हवं. दुपारची उष्णता मुळात तिथूनच येते. यावर आधी पैसे घातले असते तर कदाचित कूलरवर एवढा भार आला नसता. निवडीच्या तक्त्यात “कंट्रोलर कोणता” असाच प्रश्न मी लिहिला होता, म्हणून छपराचा पर्याय त्यात आलाच नाही.

८ जून

शेजारच्या गावातल्या एका पाहुण्याला आमचं पॅनल जसंच्या तसं पाहिजे. त्याचं शेड सिमेंट पत्र्याचं, उत्तर-दक्षिण, कूलर एकच आणि चार पोरं आळीपाळीने रात्री जागायला. मी पॅनल दिलं नाही. आमचे तीन सेन्सर सध्या मोकळे आहेत, ते आणि मेमरी कार्ड त्याच्या शेडात टांगून आलो. त्याच्या बायकोला एक कोरी वही दिली आणि सांगितलं की कात कधी बसली, कधी उठली, वीज कधी गेली, एवढं रोज लिहायचं. नुकसानीचे किलो तिने आणि त्याने मिळून भरायचे, मी नाही. २२ तारखेला परत जाणार आहे. तोवर त्याने एकही कॉन्टॅक्टर विकत घेऊ नये असं निक्षून सांगितलंय.